भुसा अण्णाचा पाळणा

निपाणीत शिंकेवरून माणूस कुठून आला ते सांगता येई. तंबाखूच्या वखारीतून आलेला माणूस बेंबीपासून शिंके. आधी नुसता तोंड उघडून उभा राही, रस्त्यावरची माणसं थांबून वाट बघत, आणि मग एकच तोफ सुटे. बस्तीमागच्या, म्हणजे जैन देवळामागच्या, गल्लीतली शिंक निराळी. बारीक, चिमणीसारखी, एकीमागं एक, छिक् छिक् छिक्, आणि शेवटी "आई गं". ती ऐकली की लोक मान वर न करता म्हणत, "भुसा अण्णाकडनं आलास न्हवं?"

भुसा अण्णा म्हणजे कुंथुनाथ. बापामागं तंबाखूची वखार तो चालवत होता आणि बरी चालवत होता. पण त्याला वखारवाला कुणी म्हणत नसे. त्याला स्वतःला कारागीर म्हणवून घ्यायचं होतं. तेही कुणी म्हणत नसे. त्यानं उभ्या जन्मात लाकडातून जे जे काही कोरून काढलं, ते लोकांनी बघितलं न बघितलं केलं, आणि खाली जो भुसा पडला त्याचं नाव तेवढं त्याला चिकटवलं. याचा त्याला असा संताप येई की तो उठून यंत्रावर बसे, आणि आणखी भुसा पडे.

ते यंत्र माजघराच्या खिडकीशी उभं होतं. शिवणयंत्रासारखं पायानं चालवायचं, पण सुईच्या जागी करवतीचं पातं, दोऱ्याएवढं बारीक, उभं ताणलेलं. पाय हलवला की पातं वरखाली नाचे. त्याच्यापुढं पातळ फळी धरून हळूहळू फिरवली की लाकडात वेल, पानं, पाखरं, वाटेल ते कापून निघे. बेळगावच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या सार्जंटानं ते विलायतेहून आणवलं होतं. सार्जंट वारला, मडमेनं सामान विकायला काढलं. कुंथुनाथचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. तो बेळगावला बायकोसाठी लोखंडी कढई आणायला गेला होता आणि कॅम्पातून चालला होता. मडम म्हणाली, "टुम लेटा टो अब्बी लो. नई टो हम पाठर से टोड डेगा. ये मशीन हमारा आढा उमर खाया!"

कुंथुनाथला वाटलं, बाई विनोदी आहे.

घरी बैलगाडीतून यंत्र उतरलं. प्रेमला दारात उभी होती. "कढई?"

"ह्यात लाकडाचा चमचा करता येतोय," कुंथुनाथ म्हणाला.

त्या दिवसापासून प्रेमला यंत्राविषयी फारसं बोलत नसे. नुसती खोकत असे. खोकण्यातही तिच्या तऱ्हा होत्या आणि त्या कुंथुनाथला सगळ्या कळत. तेच वाईट.

बोलायला घरात जयाबाई होती. कुंथुनाथची थोरली बहीण, आक्का. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. सकाळी पोथी, दुपारी पोथी, मधल्या वेळात कुंथुनाथ. तिचं प्रत्येक बोलणं एकाच तऱ्हेनं सुरू होई: "मी काय बोलत न्हाय, पण..." आणि त्या 'पण'नंतर डाळ शिजायला लागतो तेवढा वेळ ती बोले. ती जेव्हा खरोखर बोलेल तेव्हा काय होईल, या विचारानंच घरातली माणसं दबून असत.

यंत्राचा आवाज गल्लीला पाठ झाला होता. खिर्र-खट, खिर्र-खट, खिर्र-खट. नक्षीचं वळण आलं की खिर्रऽऽ... खिर्रऽऽ... अख्खी गल्ली श्वास धरी. आणि मग टिंग!

"मोडलं!" समोरच्या कट्ट्यावरून दोनतीन आवाज एकदम.

त्यावर खिडकीतून, दात खात, कुंथुनाथचा आवाज: "णमोऽऽ अरिहंताणं!"

घरात शिवी द्यायला आक्काची बंदी होती. माणसानं मग काय म्हणायचं?

"मी काय बोलत न्हाय," आतून येई, "पण देवाचं नाव आसं दात खाऊन घेत्यात व्हय रं, कुंथू?"

लोकांना वाटे पातं म्हणजे काय, मोडलं की दुसरं लावायचं. कुंथुनाथ येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून समजावून थकला होता. पात्याचे दाते खालच्या अंगाला हवेत, नाहीतर ते लाकूड वर उचलून आपटतं. ताण इतका हवा की बोटानं छेडलं तर टण्ण वाजलं पाहिजे. ढिलं पातं वाकडं जातं, फार ताणलेलं तुटतं. पातं ढकलायचं नाही, फळी फिरवायची. नक्षीचा कागद खळीनं चिकटवायचा, प्रत्येक कप्प्यात गिरमिटानं भोक पाडायचं, पातं एका टोकाला सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं, तो कप्पा कापायचा, पुन्हा सोडवायचं. आतलं सगळं आधी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. कारण कड आधी कापली तर धरायला काही उरत नाही आणि नाजूक वेल हातातच मोडतो. एवढं सगळं ऐकून पाहुणा चहा संपवी आणि म्हणे, "पण बाहेरनं आधी कापलं तर सोपं पडंल न्हवं?"

"पडंल," कुंथुनाथ म्हणे. "लई सोपं पडंल."

वीसेक वर्षांत त्यानं काय काय केलं नाही? पत्रं ठेवायची जाळीदार फडताळी केली. तिच्यात प्रेमलानं लसूण ठेवला. घड्याळाला महिरप केली. ती इतकी दाट झाली की वेळ बघायला मान वाकडी करावी लागे. मेव्हण्याच्या लग्नात फोटोची चौकट दिली. मेव्हण्यानं ती उलटी टांगली, हंस खाली डोकं करून पोहतायत. आणि कुणी म्हणून कधी, कुंथुनाथ, मला अमुक एक करून दे, असं त्याला म्हटलं नाही. एकदाही नाही. तो नुसता देत सुटला होता आणि लोक नुसते घेत सुटले होते, आणि घेताना छिक् छिक् करत होते.

म्हणून ज्या सकाळी भुजबली अण्णा घरी आले आणि म्हणाले की बस्तीसाठी पाळणा करायचाय, तेव्हा कुंथुनाथनं दोनदा विचारलं, "कुणी? मी?"

बस्तीचा कारभार भुजबली अण्णांकडं. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि दोन्हीत प्रत्येक वाक्याच्या आधी "हौदु, हौदु". हो म्हणायचं असेल तरी हौदु, नाही म्हणायचं असेल तरी हौदु. दर चैत्रात महावीर जयंतीला बस्तीत पाळणा बांधत, त्यात बालभगवंताची छोटी मूर्ती ठेवत, आणि बायका दोरी हलवत गाणी म्हणत. गेल्या जयंतीला जुन्या पाळण्याची एक बाजू ऐन गाण्यात निसटली. मूर्ती उपाध्यांनी झेलली, म्हणून निभावलं.

"हौदु, हौदु," भुजबली म्हणाले, "तू करतोस त्ये जाळीचं काम... मोर-बिर... बरं दिसंल. पण शुद्ध पायजे बघ. देवाचं हाय."

"शुद्धच," कुंथुनाथ म्हणाला. त्या क्षणी तो पाळणा मिठाचासुद्धा करून द्यायला तयार होता.

मागं आक्का उभी होती. "मी काय बोलत न्हाय," ती म्हणाली.

इथून सुरुवात झाली.

लाकूड सागवानाचं, कुंथुनाथनं ठरवलं. आक्का म्हणाली, "सागवान कुठनं येतंय? उभं झाड तोडून. हिरव्या झाडात जीव न्हाय व्हय? देवाच्या पाळण्याला खून केल्यालं लाकूड?" भुजबलींनी मान डोलावली. हौदु. त्यांच्या चिकोडीच्या वाटेवरल्या मळ्यात वळवाच्या वाऱ्यानं एक आंबा उन्मळून पडला होता, आपोआप, कुणाचा हात न लागता. तो घ्यायचा ठरला.

"आंब्याला मऊपणा फार असतोय," कुंथुनाथ म्हणाला. "आणि तो किती दिवस मातीत..."

"आपोआप पडलाय," दोघं एकदम म्हणाले. विषय संपला.

मष्णू गाडीवाल्यानं खोड आणलं, सुताराकडून चार सूत जाडीच्या फळ्या पाडून घेतल्या. मग आली जोडणी. कुंथुनाथ सरस उकळायला बसला. आक्कानं नाकाला पदर लावला. "कशाचा वास ह्यो?"

कुंथुनाथ खोटं बोलणारा माणूस नव्हता, हीच त्याची अडचण. "सरस."

"कशाचा करत्यात?"

"...कातड्याचा. हाडांचा. पण आक्का, जगात सगळे सुतार..."

ते भांडं गल्लीच्या टोकाला जाऊन पुरलं गेलं. भांडं प्रेमलाचं होतं. ती खोकली.

सरस नाही, तर खिळे? खिळ्यानं पातळ फळी फुटते. मग राहिल्या लाकडी खुंट्या. प्रत्येक फळीला खाचा पाडायच्या, दुसरीला जिभा ठेवायच्या, भोकात खुंटी मारून घट्ट करायचं. सरसानं एका दुपारचं काम, ते खुंट्यांनी पौष महिना खाऊन गेलं. यंत्रावर बसल्या बसल्या कुंथुनाथ स्वतःशी पुटपुटत राही, "खुंट्या! खुंट्या! जन्माला आलो आणि खुंट्या मारत बसलो!"

घासायला काचकागद काढला. आक्कानं तो उलटा करून बघितला. "कागदाला काच कशानं चिकटीवत्यात?"

कुंथुनाथनं काचकागद गुपचूप पुन्हा गुंडाळला.

मग खानापूरकडच्या रानातून मष्णूनं खरवताच्या पानांचं पोतं आणलं. हे पान हातावर घासलं तर कातडं सोलून निघेल असं खरखरीत. लाकूड त्यानं गुळगुळीत होतं. आक्का दारातच आडवी. "झाडावरची तोडल्याली का खाली पडल्याली?"

"आक्का," मष्णू म्हणाला, "मी काय झाडाला इचारलो न्हाय."

पोत्यातलं एक एक पान तिनं निवडलं, तांदूळ निवडावेत तसं. सुकी एकीकडं, हिरवी दुसरीकडं. हिरवी पानं परत न्यायला मष्णू तयार होईना. झाडाला परत चिकटवू का, म्हणाला.

चकाकीला लाख? लाख किड्यांची. मेण? मधमाशांचं. शेवटी जवसाचं तेल निघालं. आक्का त्या तेलाकडं बराच वेळ बघत राहिली, पण तिला काही सापडलं नाही. तेवढ्या दिवशी कुंथुनाथ जेवताना गुणगुणला.

दिवेलागणीनंतर काम बंद, कारण दिव्यावर किडे येतात. आणि एक दिवस भुजबलींनी मोठ्या उत्साहानं शहापूरहून पाळण्यात घालायला रेशमी कापड आणलं, तेव्हा आक्का म्हणाली, "रेशीम कुठनं येतंय, भुजबली?" हौदु हौदु म्हणत भुजबली कापड काखेत मारून गेले आणि सुती लुगडं घेऊन आले. आपण एकटेच नाही आहोत, याचा कुंथुनाथला फार दिलासा वाटला.

या सगळ्याच्या वर लढाई. पाती जर्मनीहून यायची, ती लढाई पेटल्यापासून बंद झालेली. बेळगावात, कोल्हापुरात, कुठल्याच दुकानात पातं नव्हतं. "जर्मनीचं? शिव शिव," दुकानदार इकडं तिकडं बघत म्हणत, जणू कुंथुनाथनं तोफगोळा मागितला. घरात उरली होती ती पाती तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवी आणि एकेक काढी. टिंग झालं की आता कट्ट्यावरची माणसंसुद्धा "मोडलं" हळूच म्हणत.

पण पाळणा झाला. फाल्गुनात उभा राहिला. दोन्ही कडांना वेल, खाली कमळं, आणि उशाच्या फळीवर समोरासमोर दोन मोर, पिसारा फुलवलेले, पिसाऱ्याच्या प्रत्येक डोळ्यातून पलीकडचा उजेड दिसेल असे. कुंथुनाथ तो बोटानं हलवी, पाळणा एकदाही कुरकुरत नसे. प्रेमला आली, पाळण्याला हात लावून उभी राहिली, आणि खोकली नाही. त्यानं वाट बघितली. खरंच खोकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशाच्या फळीखाली पिठाची एक लहानशी ढिगोळी होती.

आपलाच भुसा, असं म्हणून त्यानं पुसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा ढिगोळी. भुसा नव्हे, मैद्यासारखं बारीक. कुंथुनाथनं फळीला कान लावला. आत कुणीतरी, अगदी लांबून आल्यासारखं, कुर्र... कुर्र... कुर्र... करत होतं. वळण आलं की सावकाश. मग पुन्हा कुर्र. न थांबता. आणि टिंग नाही.

आपोआप पडलेलं झाड! पावसाळाभर मातीत लोळलेलं! भुंगा लागणार नाही तर काय? आपण म्हटलं होतं, पण आपलं ऐकतं कोण. ओरडायला त्यानं तोंड उघडलं, तर मागं आक्का.

तिनं त्याला बाजूला केलं, डोक्यावरचा पदर सारला, फळीला कान लावला. बराच वेळ तशीच उभी. तिचा चेहरा असा मऊ झालेला कुंथुनाथनं लहानपणानंतर बघितला नव्हता.

"पाळण्यात आधीच कोनतरी निजलंय रं," ती म्हणाली.

"निजलंय कुठलं! खातंय!"

"लेकरू हाय. खानारच."

प्रेमला स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "रॉकेल..." आणि आक्कानं नुसतं वळून बघितलं. रॉकेलचा विषय पुन्हा निघाला नाही. ऊन दाखवायचं म्हटलं, तर तो होरपळेल. तसंच बस्तीत न्यायचं म्हटलं, तर धूप, चंदनाचं पाणी, आत जीव गुदमरून मरायचा, तोही देवाच्या उशाशी. भुजबली आले, त्यांनीही कान लावला, आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "हौदु, हौदु. बेडप्पा, बेडा. नकोच. कॅम्पात एक लोखंडी पाळणा निघालाय लिलावात. पांढरा ऑइलपेंट मारू या. लोखंडाला काय लागत न्हाय बघ. पन्नास वर्सं हलायचं न्हाय."

कुंथुनाथला ते बरोबर ऐकू आलं. लोखंड मोडत नाही. म्हणजे आता पन्नास वर्षं कुणी विचारायला येणार नाही. आपण, आपल्यामागून येणारे, सगळे त्या पांढऱ्या लोखंडापुढं हात जोडणार, आणि लोक सांगणार, मागं एक भुसा अण्णा होता, त्यानं किडका पाळणा केला होता.

"चार दिवस थांबा," तो म्हणाला.

"हौदु, पण..."

"थांबा म्हणतोय न्हवं, अण्णा!" एवढा मोठा आवाज त्यानं कधी काढला नव्हता. उशाच्या फळीतलं कुर्र क्षणभर थांबलं.

भुजबली गेल्यावर तो पाळण्यापाशी फतकल मारून बसला. राग कुणावर काढावा ते समजेना, म्हणून खुंट्यांवर काढायचा ठरवला. एवढ्या त्या खुंट्या. उशाच्या फळीच्या खुंट्या. त्यानं एक खुंटी बोटानं हलवली. मग तो उठला आणि छोटी हातोडी घेऊन आला. सरस असता तर पाळणा फोडावा लागला असता. खुंट्या होत्या, एकेक मागून ठोकली की निघत होती, आणि सगळ्या निघाल्यावर उशाची फळी अख्खीच्या अख्खी, मोरांसकट, भुंग्यासकट, हातात आली. बाकीच्या फळ्यांना कान लावून बघितला. शांत.

हे खुंट्यांमुळं झालं आणि खुंट्या आक्कामुळं आल्या, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचा राग आणखी वाढला.

"हळू ठोक," आक्का म्हणाली. "जागं हुईल."

आता नवी फळी. बाजारातलं लाकूड तोडलेलं, मळ्यातला आंबा किडका. प्रेमलानं जेवायचा पाट पुढं केला. चांगला सागवानी, जुना. आक्का म्हणाली, "बसून जेवल्यालं लाकूड देवाच्या उशाला?" प्रेमला इतकी खोकली की तिला पाणी प्यावं लागलं. कुंथुनाथ भिंतीला टेकला आणि त्यानं डोळे मिटले. सांगून झालं होतं, ओरडून झालं होतं.

आक्का उठून आपल्या खोलीत गेली. बऱ्याच वेळानं आली ती हातात पाट घेऊन. तिच्या पोथीचा पाट. सासऱ्यांनी दिलेला, सासरहून येताना पोथी आणि हा पाट, एवढंच तिनं आणलं होतं. त्याच्यावर पोथीखेरीज कधी काही ठेवलेलं नव्हतं. पोथी आता तिनं घडी घातलेल्या धोतरावर ठेवली होती.

"ह्यो घे."

"आक्का," कुंथुनाथ म्हणाला, "ह्याला भोकं पडत्यात."

"मला काय म्हाईत न्हाय? इतकी वर्सं भुसा खाल्लोय मी." आणि मग, "तोडताना झाड हिरवं होतं का, त्ये सासऱ्यांस्नी इचारायचं ऱ्हायलं. आता काय करायचं त्याला."

फडक्यात शेवटचं एक पातं होतं. सागवान आंब्यापेक्षा कडक. कुंथुनाथनं कागद चिकटवला, भोकं पाडली, पातं ओवलं, ताणलं, छेडलं. टण्ण. आक्का स्टूल घेऊन शेजारीच बसली. तिच्या पाटाचं काय होतंय ते ती डोळ्यांनी बघणार होती.

खिर्र-खट, खिर्र-खट.

"तू फळी फिरीवतोस. पातं न्हाय?"

"व्हय."

"मग आदी सांगाय काय झाल्तं?"

"आक्का, वीस वर्सं..."

"बोलू नकोस, वळण आलंय."

वळण गेलं. पहिला मोर निघाला, पिसाऱ्यासकट. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मोराची चोच, मान, पाय. खिडकीबाहेर कट्टा भरलेला. कुणी शिंकत नव्हतं. आक्का स्टुलाच्या टोकावर, तिचा उजवा पायही कुंथुनाथच्या पायाबरोबर हलत होता. दुसऱ्या मोराचं पोट संपलं. पिसाऱ्याच्या पहिल्या कप्प्यात पातं गेलं. खिर्रऽऽ... खिर्रऽऽ...

"हळू," आक्का म्हणाली.

"हळूच हाय."

"आनि हळू रं..."

टिंग.

बाहेर कुणीच "मोडलं" म्हणालं नाही. कुंथुनाथनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी, त्याच्या कानाशी, दात खात, असा आवाज आला की खिडकीतला कावळा उडाला:

"णमोऽऽऽ अरिहंताणं!"

मग स्वयंपाकघरात भांडं पडलं. प्रेमलाच्या हसण्याला जागा पुरेना.

"घड्याळाकडं बघू नका," तिनं आतून सांगितलं. कारण कुंथुनाथ भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. त्याची कमान काढून, तिला दाते पाडून, पातं...

"बघत न्हाय," तो म्हणाला आणि बघत राहिला.

उरलेल्या दिवसांत त्यानं फळी कडेनं सुताराच्या करवतीनं कापली, घासली, तेल पाजलं, खुंट्या मारल्या. एक मोर पिसारा फुलवलेला, जाळीदार. दुसऱ्याच्या मागं, पाडलेली भोकं बुजवून, नुसतं आक्काच्या पाटाचं सपाट लाकूड. चैत्र तेरसेला पाळणा बस्तीत टांगला गेला. फुलांच्या माळा सोडताना त्या बुजवलेल्या जागेवर दोन जास्त सोडाव्यात असं कुंथुनाथनं उपाध्यांना सुचवलं. उपाध्यांनी त्या नेमक्या फुललेल्या मोरावर सोडल्या.

गाणी सुरू झाली. बायका दोरी ओढत होत्या, पाळणा हलत होता, एवढंसंही कुरकुरत नव्हता, आणि कुंथुनाथला तेवढी ती सपाट जागा सोडून काही दिसत नव्हतं. भुजबली अण्णा प्रत्येकाला सांगत होते, "हौदु, हौदु, आमच्या कुंथूनं केलाय. जीवहिंसा न्हाय, सरस न्हाय, काय न्हाय." मग शेडबाळहून आलेली एक जाडजूड बाई, जिला सगळ्या बस्त्यांतलं सगळं ठाऊक असतं, पाळण्याशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई! ह्या दुसऱ्या मोराचा पिसारा ऱ्हायला की वो करायचा!"

दोरी थांबली. भुजबलींनी "हौदु" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"मी काय बोलत न्हाय," आक्का म्हणाली. बस्तीभर ऐकू गेलं. "पण लांडोरीला पिसारा कुठल्या गावाला असतोय?"

बाई वाकली, पुन्हा बघितलं. "लांडोर व्हय ती?"

"मग? पाळणा हाय न्हवं? लेकराजवळ आई नको? का दोन बाप्पेच ठिवायचे?"

बायका हसल्या, दोरी पुन्हा हलली. "लांडोर हाय, लांडोर," मागं मागं निरोप गेला. परतताना तीनचार जणांनी कुंथुनाथला थांबवून सांगितलं की लांडोर काढायचं डोकं भारी चालवलंस. हुक्केरीच्या एका बस्तीचे कारभारी तर म्हणाले, आम्हालाही असाच पाळणा पाहिजे, पण लांडोर हवीच. पातं आणायचं कुठून, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. आणि कुंथुनाथनं, आयुष्यात पहिल्यांदाच, समजावून सांगितलं नाही. नुसतं "बघू" म्हणाला, कारागीर म्हणतात तसं.

भुंग्याची फळी आक्काच्या खोलीत, पाट असायचा त्या कोनाड्यात उभी होती. खाली पडलेलं पीठ ती रोज सकाळी कुंच्यानं हलकेच बाजूला करी. आषाढात एक दिवस तिनं हाक मारली, "कुंथू, ये रं लौकर. गेला बघ. सुखरूप भाईर पडला."

कुंथुनाथनं फळी उजेडात धरली. हे दोन मोर त्यानं महिनाभर खपून काढले होते, पण एकाच्या डोळ्याचं भोक पाडायचं राहून गेलं होतं, आणि ते त्याला रात्रंदिवस खुपत होतं. भुंग्यानं बाहेर पडताना त्याच मोराच्या डोक्यातून वाट काढली होती. कसं भोक! गोल, साफ, कडेला एक कुसळ नाही. असं भोक कुंथुनाथला गिरमिटानं जन्मात पाडता आलं नव्हतं.

फक्त डोळ्याच्या जागी नव्हतं. चोचीच्या बुंध्याशी होतं.

"आक्का," कुंथुनाथ दात खात म्हणाला, "सहा म्हैने आत बसून खाल्लं त्यानं. माझं लाकूड. फुकट. एक सूत, फकस्त एक सूत वर सरकला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?"

आक्कानं फळी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"मी काय बोलत न्हाय," ती म्हणाली, "पण कागद चिकटवून दिला होतास का त्याला?"